यमकापायी आलेला शब्द

१३ जुलै २०२३, गुरुवार

आज माझ्या उंबऱ्याबाहेर बायकांच्या तीस चपला होत्या. मोजल्या. इंदूच्या तेराव्यानंतर एवढ्या चपला या घराने पाहिल्या नव्हत्या, आणि त्या दिवशी मला मोजायचं भान नव्हतं.

नांदेडच्या मिशनचे शेषेराव पास्टर बायकांचे बचत गट बांधत हिंडतात. मुदखेडात त्यांना पंधरा जणी मिळाल्या, पण बसायला जागा मिळेना. मोहल्ल्यातल्या बाया आमच्या गल्लीत बसायला लाजतात, गल्लीतल्या मोहल्ल्यात जात नाहीत. माझं घर बरोबर मध्ये, स्टेशनच्या रस्त्याला. पास्टर महिन्यापूर्वी विचारायला आले तेव्हा मी तिरकसपणे म्हणालो, "आमच्याकडून भजनं म्हणून घ्यायची असतील तर आधीच सांगा." ते हसून म्हणाले, "सर, तुम्हालाच कविता म्हटल्याशिवाय राहवत नाही असं ऐकून आलोय. गटाला तुमच्यापासून वाचवायचं कसं, याची मला काळजी." असा माणूस आवडणारच.

सुरुवातीला त्यांनी एक मिनिट सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. "ज्याला ज्याचं नाव घ्यायचं त्यानं मनात घ्यावं. मी माझ्या प्रभूचं घेतो."

भाजीवाल्या उमाबाई म्हणाल्या, "आन् ज्याला झोप येती त्यानं?"

"त्यानं घोरू नये."

मग कामाला लागलो. मिशनने एक लोखंडी पेटी दिली आहे. तिला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे. पेटीतून कर्ज मिळतं, ते फेडायचं. पण पेटीत एक पिवळी थैलीही आहे. तिच्यात दर आठवड्याला थोडं वेगळं टाकायचं, आणि अडीअडचणीला त्यातलं दिलेलं परत घ्यायचं नाही. अडचण म्हणजे कोणती, यावर तासभर कल्ला झाला. शेवटी ठरलं तीन: दुखणं, आग, मरण. मिशनच्या कामाला असलेली वर्षाराणी ही तरुण मुलगी बोलत गेली आणि माझं अक्षर बरं म्हणून नियमांच्या वहीत मी लिहीत गेलो. खाली सह्या, अंगठे.

गाद्या-रजया शिवणाऱ्या अमीरबी काही केल्या आत येईनात. उंबऱ्याच्या बाजूला बसल्या. वहीवर त्यांची सावली पडली तशा पटकन सरकल्या. "उजेड न्हाई ना आडत, गुर्जी?" बाकी सगळ्या मला सर म्हणतात. गुरुजी ऐकून किती वर्षं झाली! आणि उजेडाची एवढी काळजी कोण करतं आजकाल? फार सुसंस्कृत बाई.

२० जुलै

पंधरातल्या अकरा जणींना वाचता येत नाही. म्हणून मिशनची रीत अशी की दर बैठकीला नियम तोंडपाठ म्हणायचे. जे डोक्यात आहे ते कुणी खोडू शकत नाही, असं पास्टर म्हणतात. पण आज कुणाला एक आठवे, कुणाला दुसरं. वर्षाराणी कपाळाला हात लावून बसली.

पास्टर माझ्याकडे वळले. "सर, चालीत बसवा की."

चालीत बसवा! अडतीस वर्षं मी पोरांकडून चालीवर काय काय म्हणून घेतलं. आता कुणी मला ते सांगतंय. बैठक संपल्यावर मी दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरलो.

२२ जुलै

झालं. आठ-आठ अक्षरी, अगदी चोख.

पेटी एक, तीन टाळी
किल्ली तिघींच्या जवळी
उशिरा येई जी कोणी
तिने भरावे हो पाणी
दुखणे, आग, मरण
आणि लेकीचे शिक्षण
तेथे हात देई गट
नको परतीची अट

'मरण' या शब्दाने दोन तास घेतले. तोरण, चरण, शरण, कारण. सगळे उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेले. मग 'शिक्षण' आला आणि पाट मांडल्यासारखा बसला. इंदू असती तर म्हणाली असती, "यमक जुळलं की तुम्हाला सगळं खरंच वाटतं. यमकापायी बायको बदलाल तुम्ही." इंदूला यमक होतं सिंधू. मी ते कधी वापरलं नाही.

२७ जुलै

आज सुख झालं. 'तीन टाळी' म्हटलं की बायका तीन टाळ्या वाजवतात! मी टाळं म्हणजे कुलूप लिहिलं होतं, त्यांनी टाळीच केली. मी कशाला दुरुस्त करू? कवितेला असे पाय फुटतात तेव्हाच ती चालते.

अमीरबींना एका ऐकण्यात पाठ. एका! मी विचारलं, शाळा कितवी? "शाळा कुठली गुर्जी. आयकून आयकून येतं." तिसऱ्या कडव्यापाशी थांबून त्यांनी उमाबाईंकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते तिसरं पुन्यांदा म्हना." मी म्हटलं. "आजून एक डाव." पुन्हा म्हटलं. असा रसिक श्रोता मला वर्गातही क्वचित मिळाला. जाताना दोघी रस्त्यात थांबून बराच वेळ बोलत होत्या. कडव्याबद्दलच असणार.

५ सप्टेंबर

शिक्षकदिन. सकाळी उमाबाई वांगी ठेवून गेल्या, अमीरबींनी एक उशी पाठवली, नव्या कापसाची. पैसे विचारले तर त्यांची नात बुशरा म्हणाली, "दादीनं सांगितलं, इचारलं तर पळत ये." आणि खरंच पळाली.

उशीला टेकून जुनं आठवत बसलो. चौऱ्याहत्तर साल, माझी पहिली नोकरी, इथलीच शाळा. पत्र्याचा वर्ग, एक दार, खिडकी उंचावर. त्या वर्गासाठी मी स्वतः कविता केली होती:

दारातून डोकावते
ऊन पाटीवर येते
नाव नाही हजेरीत
तरी बसते वर्गात

तय्यब नावाच्या पोराला मात्र वर्षभरात यातली एक ओळ येईना. त्याची धाकटी बहीण रोज त्याची भाकरी घेऊन यायची, कडेवर अजून एक भावंड, आणि भाकरी देऊन झाली तरी दारातच उभी राहायची. एकुलतं एक दार. वर्गात अंधार. एक दिवस मी ओरडलो, "आत यायचं तर ये, नाहीतर जा. उजेड अडवू नकोस." ती पुन्हा दिसली नाही. पुढे तय्यब मधल्या सुट्टीत घरी पळायचा आणि उशिरा यायचा, त्याचीच मला चीड. गंमत वाटते आता.

२८ डिसेंबर, गुरुवार

पास्टरांनी नाताळचा केक आणला. अंड्याचा नाही हे आधी तीनदा जाहीर केलं. उमाबाईंचा नवरा आतड्याच्या दुखण्याने नांदेडला दवाखान्यात आहे. थैलीतून दिलं. तिन्ही किल्ल्या दहा मिनिटांत जमल्या. उमाबाईंनी पैसे हातात घेऊन दोनदा मोजले. मग म्हणाल्या, "परत न्हाई द्यायचे म्हंता, मंग मी झोपू कशी?"

पास्टर म्हणाले, "घोरू नका, म्हणजे झालं."

पाच महिन्यांपूर्वीचं विधान त्यांनी लक्षात ठेवलं होतं. शेजारचे अजून मला विचारतात, "सर, बाप्तिस्मा कधी?" मी सांगतो, पाण्यात केव्हाच पडलोय, उशिरा आलो म्हणून माझ्याच घरात मला पाणी भरावं लागलं.

२७ मे २०२४

दहावीचा निकाल. बुशराला त्र्याण्णव टक्के. डॉक्टर व्हायचं म्हणते. लातूरच्या एका क्लासने परीक्षा घेऊन तिची फी माफ केली आहे. राहण्या-जेवणाचे वर्षाचे सवलतीचे बारा हजार मात्र दहा जूनपर्यंत भरायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिचे वडील मुनीब ऑटो चालवतात. त्यात भागतं तेवढंच भागतं.

३० मे, गुरुवार

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

नियम म्हणून झाले. अमीरबी उंबऱ्यापासूनच म्हणाल्या, "आज माझं काम हाय. मशीनचं कर्ज चालू हाय, दुसरं भेटत न्हाई, ह्ये मला ठाव हाय. मला थैलीतलं पायजे. बुशराला लातूरला धाडायचं."

वर्षाराणी हळूच म्हणाली, "अमीरबी, थैली दुखणं, आग आणि मरण यालाच आहे."

"आन् लेकीचे शिक्षण," पंधरा तोंडं एकदम.

वर्षाराणीने वही उघडली. "इथं तीनच लिहिलेत. खाली तुमच्या सह्या आहेत."

"आमच्या तोंडात चार हायत," उमाबाई.

"तोंडातलं आणि कागदावरचं वेगळं कसं झालं पण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी, अडतीस वर्षं शिकवलेला शिक्षक, म्हणालो, "बघावं लागेल." काय बघावं लागेल? मला त्याच क्षणी कळलं होतं. तोरण, चरण, शरण, कारण.

निर्णय पुढच्या गुरुवारी, पास्टर आल्यावर.

३१ मे

वही पाहिली. माझंच अक्षर. तीन.

एका यमकासाठी मी पंधरा बायकांचा कायदा बदलला आणि दहा महिने त्यांच्याकडून तो म्हणून घेतला. आता मी खरं बोललो तर बुशराची जागा जाते. गप्प राहिलो तर ती बिचारी वर्षाराणी, जी एकटीच बरोबर आहे, खोटी पडते, आणि माझ्या घरातली वही खोटी पडते. उद्या कुणीही काहीही म्हणेल आणि म्हणेल पाठ आहे. पेटी तीन कुलपांवर नाही, या पाठावर उभी आहे.

गप्प राहण्याकडे मन ओढतं आहे. हे इथे लिहून ठेवतो.

२ जून

उपाय सुचला. पेन्शनमधले बारा हजार पाकिटात घालून अमीरबींच्या दुकानी गेलो. त्या रजई टाचत होत्या. सुई थांबवली नाही.

"गुर्जी, ठेवा ते."

"मुलीचं वर्ष जाईल."

"जाईल तर जाईल. गट देतो ते हक्काचं. तुमी द्याल ते उपकाराचं. ह्यांच्या दारात, त्यांच्या दारात हुभं राहून लई घेतलं मी आजपावेतो." दोरा दाताने तोडला. "बुशरानं आत जायाचं, तर हक्कानंच जायाचं."

बुशराने मला पाणी दिलं. तिने पुस्तकं आधीच एका पिशवीत बांधून ठेवली आहेत. पिशवीकडे मी पाहिलं हे तिने पाहिलं आणि तिने ती पडद्याआड सरकवली.

५ जून

उद्या सांगणार आहे. त्या मुलीची पिशवी डोळ्यांपुढून जात नाही, तरी सांगणार. मुलांना आयुष्यभर म्हणालो, चुकलं तर उभं राहून सांगा. उद्या बसून सांगेन, गुडघे साथ देत नाहीत.

६ जून, गुरुवार

उभं राहून सांगितलं.

मिनिटभराची शांतता झाल्यावर मीच आधी हात वर केला. म्हणालो, वही बरोबर आहे, वर्षाराणी बरोबर आहे. 'शिक्षण' तुम्ही ठरवलं नव्हतं. मरणाला यमक हवं होतं म्हणून मी घातलं. मला क्षमा करा.

 स्टेशनात गाडीची घोषणा झाली ती अख्खी ऐकू आली.

मग उमाबाई हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून, हलून हलून. "सर, ठाव हाय की आमाला."

"काय?"

"पयल्याच दिशी. अमीरबी रस्त्यात म्हणली, तीन हुते, चौथं कुठून आलं? मी म्हणलं, सरला सांगू. ती म्हणली, राहू दे. गुर्जीच्या तोंडून निघालंय, त्यांच्या ध्यानात न्हाई तरी आपल्या कामाचं हाय. मंग आमी एकेकीला इचारलं. समद्या म्हणल्या, राहू दे."

"दहा महिने?"

"दहा महिने दर गुरुवारी म्हणून राहिलो. ठराव आजून कसा असतो वो?"

मी पास्टरांकडे पाहिलं. तेही हसू दाबत होते, पण डोळे ओले. "वर्षाताई, ठराव मिशनचा नाही, गटाचा. आपण फक्त पेटी दिली. आणि मी रविवारी प्रार्थना पाठच म्हणतो. कागद बघून देवाला काय सांगायचं?"

वर्षाराणी मुळीच रागावली नाही. ती म्हणाली, "मला हरकत नाही. पण हात वर करा, आणि सरांनी वहीत लिहावं. तारीख आजची टाकायची, मागची नाही." शहाणी मुलगी. पंधरा हात. कोपऱ्यातून एक म्हणाली, "माझे तर दोन्ही पोरंच हायत, त्यांचं काय?" उमाबाई म्हणाल्या, "मंग तू यमक जुळव." आणि बोट नाचवून, "माझी पोरगी पुढच्या साली. तवा कुनी वही काढायची न्हाई."

मी चौथा शब्द लिहिला. अक्षर तेवढं बरं आलं नाही. तीन कुलपं उघडली. न सांगता तीन टाळ्या वाजल्या.

दिवसाच्या शेवटी इंदू विचारायची, "आज कोणाचं ऋण झालं?" आज पंधरा जणींचं, एका पास्टरांचं, आणि एका मुलीचं जिने तारखेबद्दल खोटं लिहू दिलं नाही. फेडायची अट नाही, तरी लिहून ठेवतो.

१० जून

बुशराला लातूरला पोचवून आलो. मी, अमीरबी आणि ती. मुनीबने नांदेडच्या स्टँडपर्यंत ऑटोने सोडलं, तिथून एसटी. बुशरा खिडकीशी, मांडीवर वही उघडी. अहमदपूरच्या पुढे उन्हाचा एक तुकडा खिडकीतून त्या वहीवर आला, आणि अमीरबी आपल्याशीच पुटपुटल्या:

"दारातून डोकावते, ऊन पाटीवर येते..."

मी ताठ बसलो. माझी कविता! छापली नाही कुठे, पन्नास वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकली नाही. हरखून विचारलं, ही तुम्हाला कुणी शिकवली?

"माझा भाऊ हुता तुमच्या वर्गात. तय्यब."

"तय्यबनं शिकवली?"

"त्याला कुठं येत हुती, गुर्जी?" त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या.

पुढचा सगळा रस्ता मला त्या पत्र्याच्या वर्गाचं दार दिसत राहिलं. 

लातूरला क्लासच्या पाट्यांचं जंगल आहे. खोली चांगली आहे, तिघींची. खिडकी मोठी. बारा हजारांची पावती अमीरबींनी ब्लाउजात ठेवली. क्लासच्या दारात बुशरा घुटमळली. तिच्या दादीने पाठीवर थाप मारली, चांगली सणसणीत. "जा. दारात हुभं न्हाई ऱ्हायचं." ती आत गेली. वळून पाहिलं नाही. आम्ही दोघं म्हातारे उगीच बराच वेळ त्या दाराकडे पाहत राहिलो.

१३ जून, गुरुवार

अमीरबी आल्या आणि नेहमीसारख्या उंबऱ्याच्या बाजूला बसू लागल्या. अकरा महिने मी ते पाहत होतो. गुडघे असतील, वारा लागत असेल, असं वाटून घेत होतो.

मी उठून दारापर्यंत गेलो. तीन दिवस जे बोलायचं म्हणून जुळवलं होतं त्यातलं काहीच आलं नाही. एवढंच म्हणालो, "अमीरबी, आत या."

त्यांनी वर पाहिलं. "तवा बी म्हणाला हुता तुमी. आत ये न्हाईतर जा."

"म्हणालो होतो."

"कडेवर पोर हुतं. आत कशी येऊ? पर मी गेले बी न्हाई, गुर्जी." त्या हसत होत्या. "पाठीमागच्या भिंतीला बसत हुते. खिडकीखाली. साल सरेपावेतो."

 मी हात पुढे केला. त्या माझ्याच हाताच्या आधाराने उठल्या, उंबरा ओलांडला आणि आत येऊन वहीशेजारी, भिंतीला टेकून बसल्या. दार रिकामं झालं, तसं ऊन सरळ वहीवर आलं. कुणीतरी म्हणालं, सुरू करा, म्हणून सुरू केलं.

उमाबाई उशिरा आल्या. पाणी त्यांनी भरलं.